कूलस्कॅन ४००० नव्या मॅकला जोडताना: माझा अनुभव

निकॉनचा सुपर कूलस्कॅन ४००० ईडी हा २००१चा फिल्म स्कॅनर. ३५ मिमी निगेटिव्हमधून तो जेवढा बारीक तपशील काढतो तेवढा घरगुती फ्लॅटबेडकडून (काचेवर कागद ठेवायच्या स्कॅनरकडून) मला कधी मिळालेला नाही. त्याच्या मागे सहा पिनांचं फायरवायर ४०० (यंत्रं संगणकाला जोडण्याची जुनी पद्धत) आहे आणि माझ्या एम१ मॅक मिनीला फायरवायर नाही. दोघांना जोडता येतं, स्कॅनरही उत्तम चालतो. पण मी दोनदा चुकीची वस्तू विकत घेतली आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

पहिली चूक म्हणजे ‘फायरवायर टू यूएसबी’ या नावाने विकली जाणारी स्वस्त केबल. ती कृपा करून घेऊ नका. फायरवायर आणि यूएसबी यांची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे आणि त्या केबलमध्ये भाषांतर करणारी चिप नसते, नुसत्या तारा असतात. शिवाय फायरवायरच्या वीजवाहिनीवर ३० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, यूएसबी चालतं ५ व्होल्टवर. स्कॅनर दिसणार नाहीच, वर एखादा पोर्ट जायचा.

चालणारी साखळी अशी: मॅकचा थंडरबोल्ट पोर्ट (दिसायला यूएसबी-सीसारखाच, पण वेगळी जोडणी), त्यात ॲपलचा ‘थंडरबोल्ट ३ ते थंडरबोल्ट २’ ॲडॉप्टर, त्याला ॲपलचाच ‘थंडरबोल्ट ते फायरवायर’ ॲडॉप्टर, मग नऊ पिनी ते सहा पिनी केबल (फायरवायर ८०० ते ४००), आणि शेवटी स्कॅनर. फायरवायरचा ॲडॉप्टर आता नवा मिळत नाही, जुन्या सामानात शोधावा लागतो. मध्ये साधा यूएसबी-सी हब घालू नका.

खरी गाडी अडली पहिल्या ॲडॉप्टरपाशी. थंडरबोल्ट २ आणि मिनी डिस्प्लेपोर्ट यांची खाच हुबेहूब सारखी. थंडरबोल्ट ३ आणि यूएसबी-सी यांचंही तेच. त्यामुळे मॉनिटरसाठी बनवलेला ‘यूएसबी-सी ते मिनी डिस्प्लेपोर्ट’ ॲडॉप्टर दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो. विक्रेत्याने मला तोच ‘थंडरबोल्ट’ म्हणून दिला. त्यातून फक्त चित्राचा सिग्नल जातो. स्कॅनर चालू, केबल बसलेली, आणि मॅकवर काहीच नाही: चूक झाल्याचा एक संदेशसुद्धा नाही. त्यापायी मी केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, स्कॅनरच बिघडला असं धरून चाललो. ॲडॉप्टरवर विजेची बाणासारखी खूण आहे का, एवढं आधी पाहिलं असतं तर हे सगळं टळलं असतं. मॅककडेही नीट बघा: २०१५ ते २०१७ दरम्यानच्या १२ इंची मॅकबुकला यूएसबी-सी आहे, पण थंडरबोल्ट नाही. त्यावर ही साखळी चालणारच नाही.

दोष कुठे आहे ते अंदाजाने शोधू नका. ऑप्शन की दाबून ॲपल मेन्यू उघडा आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये जा. थंडरबोल्टच्या विभागात फायरवायरचा ॲडॉप्टर दिसत नसेल, तर गडबड पहिल्या ॲडॉप्टरची. तिथे दिसतो पण फायरवायरच्या विभागात स्कॅनर नाही, तर केबल तपासा किंवा स्कॅनरचं बटण. दोन्हीकडे सगळं दिसतंय आणि तरी स्कॅन होत नाही, तर प्रश्न सॉफ्टवेअरचा. लॅपटॉपवर ‘ॲक्सेसरी जोडू द्यायची का’ असा प्रश्न येतो, तिथे परवानगी द्यायला विसरू नका.

क्रमही महत्त्वाचा. केबल लावताना स्कॅनर बंद हवा. सहा पिनी प्लग जोर लावून उलटा घुसवला तर वीज डेटाच्या तारांवर जाते आणि पोर्ट कायमचा जातो. मग स्कॅनर चालू करा, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होऊ द्या, त्यानंतरच सॉफ्टवेअर उघडा. दिवा भराभर लुकलुकत राहिला तर बिघाड स्कॅनरच्या आत आहे, केबलला दोष देऊ नका.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: मॅकओएस २६ टाहोमध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. शेवटची चालणारी आवृत्ती १५, म्हणजे सिक्वोया. आपोआप होणारं अपडेट आजच बंद करा. टाहोसकट बाजारात आलेलं नवं मॅक मॉडेल या कामासाठी घेऊ नका, कारण मॉडेल ज्या आवृत्तीसह बाजारात येतं तिच्यामागे त्याला नेता येत नाही.

निकॉन स्कॅन हे मूळ सॉफ्टवेअर मॅकओएस १०.७पासून चालत नाही. मी व्ह्यूस्कॅन हे दुसऱ्या कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर वापरतो. फिल्मसाठी त्याची प्रोफेशनल आवृत्ती लागते. त्यात ६४ बिट आरजीबीआय (लाल, हिरवा, निळा आणि इन्फ्रारेड) निवडून रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल ठेवा. एका फ्रेमची फाइल साधारण १७० एमबी होते, पण धूळ आणि ओरखडे दाखवणारी इन्फ्रारेड वाहिनी तिच्यातच राहते. धूळ आणि ओरखडे काढायचं काम मग कधीही, निगेटिव्ह पुन्हा न घालता करता येतं. चांदीवर आधारलेल्या कृष्णधवल फिल्मला मात्र इन्फ्रारेड सफाई लावू नका. चांदी इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

लिनक्सवर सेन (SANE) या स्कॅनिंग सॉफ्टवेअरचा ‘कूलस्कॅन३’ बॅकएंड, म्हणजे ड्रायव्हर, हा स्कॅनर ओळखतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड घातलं की ॲडॉप्टरांची साखळी लागतच नाही. कार्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं मिळालं तर तेच घ्या. सिक्वोयाचे अपडेट थांबले की मीही तिकडेच वळणार आहे, म्हणून कार्ड आत्ताच घेऊन ठेवलंय.