इंजिन चालू झाले, एवढ्यावरून बॅटरी चांगली ठरत नाही

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या विमानाच्या बॅटरीने ४१ मिनिटांत मान टाकली. हे आकाशात नव्हे, हँगरमधल्या टेबलावर घडले, म्हणून त्याविषयी आज शांतपणे लिहिता येते आहे. अशी बॅटरी नवी असताना तेवढ्याच भारावर २ तास ५ मिनिटे टिकायला हवी. अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की आदल्याच रविवारी तिने इंजिन पहिल्या फटक्यात चालू करून दिले होते आणि तिच्याविषयी शंका घ्यावी असे एकही कारण मला दिसले नव्हते.

विमान दोन आसनांचे, आरव्ही-९ए या नमुन्याचे आहे. किट आणून विस्कॉन्सिनमधील एका लहान विमानतळावरच्या हँगरमध्ये मी ते सात वर्षांत बांधले. विमान घरी बांधता येते का, असे सांगलीकडचे नातेवाईक अजूनही विचारतात, तेव्हा कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचे उदाहरण देऊन मी सुटका करून घेतो. अमेरिकेत अशा विमानांसाठी ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचे’ असा स्वतंत्र वर्ग आहे. विमानाचा मोठा भाग हौशी व्यक्तींनी स्वतः बांधलेला असावा लागतो, आणि मुख्य बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरते दुरुस्तीचे प्रमाणपत्र मिळू शकते, ज्याच्या आधारे दर १२ महिन्यांची तपासणी तो स्वतः करून वहीत सही करतो. या स्वातंत्र्याची दुसरी बाजू बॅटरीच्या बाबतीत ठळकपणे जाणवते. कारखान्यात तयार झालेल्या विमानाच्या बॅटरीची क्षमता केव्हा आणि कशी तपासायची, ती किती घटली की बॅटरी बदलायची, हे निर्मात्याने लिहून दिलेले असते. माझ्या विमानाचा निर्माता मीच असल्यामुळे ते कागद मीच लिहायला हवे होते, आणि मी ते लिहिले नव्हते.

चूक नेमकी कोठे होती, हे कळण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. माझी बॅटरी १२ व्होल्टची, १६ अँपिअर-तासांची, ॲसिड काचतंतूंच्या थरांत शोषून ठेवलेली, म्हणजे एजीएम प्रकारची आहे. स्टार्टर साधारण २०० अँपिअर ओढतो, पण तो फिरतो पाच सेकंद. दोनशे अँपिअर पाच सेकंद म्हणजे जेमतेम ०.२८ अँपिअर-तास, अर्थात भरलेल्या बॅटरीचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग. ज्या बॅटरीची क्षमता एक-तृतीयांशावर आली आहे तीही, हवा उबदार असली तर, ही परीक्षा सहज पार करते. इंजिन चालू होण्यावरून एवढेच कळते, की बॅटरी क्षणभर जोर लावू शकते. हा जोर किती वेळ टिकेल, याविषयी त्यातून काहीच कळत नाही.

विमानात खरा प्रश्न टिकण्याचाच असतो. मोटारीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र, बंद पडला तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. विमानाचा बंद पडला, की त्या क्षणापासून सगळा भार बॅटरीवर येतो आणि विमानतळ शोधून उतरेपर्यंत तिला तो वाहावा लागतो. अनावश्यक सर्व काही बंद केल्यावर माझ्या विमानात काय उरते, ते मी क्लॅम्प मीटर लावून मोजले आहे: डिजिटल पडदा, इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एका बाजूचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपाँडर, रेडिओ, आणि मास्टर स्विचने ओढून धरलेला बॅटरीचा कॉन्टॅक्टर, मिळून सुमारे सहा अँपिअर. कॉन्टॅक्टरचे नाव या यादीत पाहून मलाच आश्चर्य वाटले होते. जोडून धरण्याखेरीज दुसरे काहीही न करणारा हा रिले एकटा पाऊण अँपिअरच्या वर खातो, आणि म्हणूनच अनेक बांधणारे अत्यावश्यक उपकरणांसाठी बॅटरीपासून थेट येणारी, कॉन्टॅक्टरला वगळणारी वेगळी वाट ठेवतात. इंधन चार तासांहून अधिक पुरते, पण बॅटरी नवी असतानाही दोनच तास पुरते. इंजिनच्या दुसऱ्या बाजूला मी जुन्या पद्धतीचा, इंजिनच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज बनवणारा मॅग्नेटो ठेवला आहे आणि त्याला बॅटरीची गरज नसल्याने बॅटरी संपली तरी माझे इंजिन चालत राहील. ज्यांनी दोन्ही बाजूंना बाहेरून वीज घेणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आहे, किंवा ज्यांच्या इंजिनात इंधन विजेवरच्या पंपाने जाते, त्यांच्यासाठी बॅटरीची मिनिटे म्हणजे इंजिनचीच मिनिटे असतात.

ही तपासणी मी आपणहून केली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजारच्या हँगरमधील वयस्कर गृहस्थ आयुष्यभर वीजतंत्रज्ञ होते. वार्षिक तपासणीच्या दिवशी मी त्यांना कौतुकाने सांगितले, की चार वर्षे झाली तरी बॅटरी झटक्यात इंजिन चालू करते. त्यांनी विचारले, “चालू करते हे ठीक, पण टिकते किती?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनीच मोटारीचा ५५ वॅटचा हेडलाइटचा दिवा आणि २१ वॅटचा इंडिकेटरचा दिवा समांतर जोडून दिला, ज्यांचा मिळून भार सहा अँपिअरच्या थोडा वर जातो, म्हणजे माझ्या गरजेइतकाच. दिवा लावून मल्टिमीटर समोर ठेवला आणि ११ व्होल्ट येईपर्यंत चहा पीत बसायचे ठरले. दुसरा कप संपायच्या आत बॅटरी संपली.

बॅटरी अशी का झाली, याचा शोध घेतला तेव्हा संशय माझ्याच काळजीवर आला. विमान उभे असताना बॅटरी उतरू नये, म्हणून मी एक स्वस्तातला चार्जर वर्षभर लावून ठेवत असे, आणि तो बॅटरी भरल्यावरही १४.६ व्होल्टवरच अडून राहत होता. चार्ज करण्याच्या काळात एवढा विद्युतदाब योग्य असतो, पण बॅटरी भरल्यानंतर नुसते राखण्यासाठी २५ अंश तापमानाला १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरतात. गुंतागुंत येथे तापमानाची आहे. शिशाच्या बॅटरीला थंडीत अधिक व्होल्टेज लागते आणि उष्णतेत कमी, आणि हा फरक सहा सेल मिळून दर अंशामागे साधारण १८ ते ३० मिलिव्होल्ट असतो. माझा हँगर पत्र्याचा आहे. जानेवारीत आत उणे १५ अंश असताना माझ्या चार्जरचा दाब जवळपास बरोबर ठरत असे आणि बॅटरीचे फारसे बिघडत नसे. जुलैच्या दुपारी त्याच पत्र्याखाली पारा ४० च्या पुढे गेला, की तोच दाब बॅटरीला आतून वाळवत होता. पाणी फुटून वायू होतो, काही वायू झडपेतून निघून जातो, आणि या बंद बॅटरीत वरून पाणी घालण्याची सोय नसते. मी हिवाळ्याला घाबरून चार्जर लावला आणि बॅटरी उन्हाळ्याने खाल्ली.

लहानपणी मिरजेच्या रस्त्यावर बॅटरी चार्जिंगचे एक दुकान होते, तेथे वडिलांबरोबर ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन जाणे हा माझा आवडता उद्योग होता. ओळीने मांडलेल्या बॅटऱ्यांची बुचे काढलेली, आत बुडबुडे, हवेत ॲसिडचा वास, आणि मालक काचेचा हायड्रोमीटर प्रत्येक सेलमध्ये बुडवून “हा सेल गेलाय” असा निकाल देणारा. त्या माणसाला प्रत्येक सेलची प्रकृती डोळ्यांनी दिसत होती. बंद बॅटरीने आपल्याला सांडण्यापासून आणि ॲसिडने ॲल्युमिनियम खाल्ले जाण्यापासून वाचवले, पण तिच्या आत पाहण्याची ती खिडकीही बंद केली.

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. विमान उभे असताना घड्याळ आणि पडद्याची स्मृती जिवंत ठेवण्यासाठी ३० मिलिअँपिअर जात असतील, तर महिन्याला २१.६ अँपिअर-तास होतात, म्हणजे माझी पूर्ण भरलेली बॅटरी महिना संपण्याआधीच रिकामी होईल. मास्टर स्विच चालू राहिला, तर एकटा कॉन्टॅक्टर ती एका दिवसात उतरवतो. म्हणूनच बरेच वैमानिक शेपटीवरचा लुकलुकणारा दिवा कधीच बंद करत नाहीत; मास्टर चालू राहिला तर हँगरचे दार लावताना तो दिवा चुगली करतो. उतरलेली बॅटरी तशीच राहिली, की प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक होत जाते आणि ते पुन्हा पूर्णपणे मोकळे होत नाही. शिवाय भरलेल्या बॅटरीतील ॲसिड येथल्या कोणत्याही थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतील ॲसिड पाण्याच्या जवळ गेलेले असल्याने ते गोठून बॅटरीची पेटी तडकू शकते.

तुम्ही लिथियमकडे का वळत नाही, असे मला नेहमी विचारले जाते. मोह मोठा आहे: माझी बॅटरी सुमारे सात किलोची आहे आणि त्याच कामाची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी अडीच किलोच्या आत मिळते. २०१३ च्या जानेवारीत बोइंग ७८७ विमानांच्या बॅटऱ्या बॉस्टनमध्ये आणि जपानमध्ये जळाल्या, तो लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइडचा प्रकार होता, फॉस्फेटचा स्वभाव त्याहून पुष्कळ शांत आहे, तेव्हा माझी अडचण आगीची भीती ही नाही. पहिली अडचण समतोलाची: माझी बॅटरी फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, पुढे आहे, आणि तेथून साडेचार किलो कमी केले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. दुसरी अशी, की गोठणबिंदूखालच्या तापमानात ती चार्ज करू नये, नाहीतर सेलच्या आत धातुरूप लिथियम साचते; माझ्या हँगरमध्ये ही अट कित्येक महिने मोडली जाईल. तिसरी अडचण आतल्या नियंत्रक सर्किटची. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ते बॅटरीला विमानापासून तोडू शकते, आणि भार वाहणाऱ्या अल्टरनेटरपुढून बॅटरी अचानक नाहीशी झाली तर व्होल्टेजची उसळी उपकरणांपर्यंत पोहोचते. यासाठी जास्त व्होल्टेज आले की अल्टरनेटर बंद करणारे संरक्षण बसवावे लागते. ते शिशाच्या बॅटरीबरोबरही असायलाच हवे, पण येथे त्याला पर्याय नाही.

या सगळ्याहून मला खटकते ती निराळीच गोष्ट. लिथियमच्या काही पेट्यांवर अँपिअर-तासांचा आकडा ‘शिशाच्या बॅटरीशी तुल्य’ असा छापलेला असतो. हा आकडा स्टार्टर फिरवण्याच्या जोरावरून काढलेला असतो आणि खरी क्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. म्हणजे मी जी चूक अज्ञानाने केली, ती येथे पेटीवर छापून मिळते. त्यातून या बॅटरीचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहते, त्यामुळे मीटरकडे पाहून किती उरले आहे याचा अंदाजही येत नाही. लिथियम बसवणाऱ्यांनी दिव्यांची परीक्षा माझ्यापेक्षा अधिक काटेकोरपणे घ्यावी, असे माझे मत आहे.

आता माझ्याकडे तापमान पाहून व्होल्टेज बदलणारा चार्जर आहे, आणि तोही महिन्यातून दोनच दिवस लावतो. चार्जर काढल्यावर एक रात्र जाऊ देऊन मग व्होल्टेज पाहतो; ताजे वाचन नेहमीच खोटा दिलासा देते. नव्या बॅटरीवर १२.८४ किंवा त्याहून अधिक दिसले तर ती भरली असे मानतो. वार्षिक तपासणीच्या यादीत, अपघात-संकेतक यंत्राच्या स्वतंत्र बॅटरीची मुदत पाहण्याच्या ओळीखाली, मी एक ओळ वाढवली आहे: दोन दिवे, ११ व्होल्टपर्यंत, मिनिटे लिहा. १०० च्या खाली आले तर बॅटरी बदला, कारण नव्या बॅटरीच्या १२५ मिनिटांचे ८० टक्के तेवढेच होतात. मिनिटांचा आकडा आणि तारीख पांढऱ्या पट्टीवर लिहून ती पट्टी बॅटरीलाच चिकटवतो. नव्या बॅटरीची पहिली पट्टी १२६ ची आहे, या मेमधील दुसरी १२२ ची. शेजारच्या गृहस्थांनी दुसरी पट्टी वाचून फक्त मान हलवली आणि दिवे मागून नेले. त्यांची स्वतःची तपासणी त्याच आठवड्यात होती.