बाईंच्या वर्गातलं एक पान

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि पहिला विचार बाईंचाच आला. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत शिकलेल्याला सांगायला नको. हेडसरांवर, गॅदरिंगवर, स्काउटवर बाकीचे लिहितीलच.

आठवीत आमच्या वर्गात एक मुलगी होती, अगदी हडकुळी. डब्यात रोज दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पण लग्नात वरण-बट्टी झाली किंवा कुणाकडे मांडे झाले, की पुढे चार-सहा दिवस तिचा बाक रिकामा. श्रावणात कानबाईचे रोट तर घरच्यांनीच संपवायचे; तेव्हा ती बरेच दिवस दिसायची नाही. पोट बिघडलंय, एवढाच निरोप. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे गणिताचा तास चुकवते.

बाई मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारायच्या, "काल काय खादं व्हतं, बेटा?" आणि प्रयोगवहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहायला लावायच्या: काय खाल्लं, कधी दुखलं. तिने कारण विचारलं तर म्हणाल्या, "माले म्हाईत नही. पहिले लिखी ठेव." वर्ष संपेपर्यंत पान भरलं. प्रत्येक दुखण्याच्या आधी गहू होता. बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून गहू बंद करून पाहायला सांगितलं. देवीचा रोट नाकारायचा म्हणजे काय, म्हणून आजी अडून बसली. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं.

तिला सिलिअ‍ॅकच, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, होता, असं मी म्हणणार नाही. तपासणीशिवाय ते सांगता येत नाही. पण एम.एस्सी.ला टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, शिकताना मला ते पान आठवलं आणि मी याच विषयात राहिलो.

टी पेशीला अख्खं प्रथिन दिसत नाही. त्याचा लहानसा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरच्या एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत मांडून दाखवावा लागतो. द्रोणात वाढलेला घास समजा. टी पेशी घास आणि द्रोण दोन्ही मिळून ओळखते, सुटा घास तिला कळत नाही. हे दाखवणारे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना 1996 चं नोबेल मिळालं. ग्लुटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्लं भरपूर, त्यामुळे त्याचे लांब तुकडे न पचता उरतात. आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यातल्या काही ग्लुटामीनचं ग्लुटामेट करतं. त्याने ऋण भार येतो आणि तो तुकडा डीक्यू2 किंवा डीक्यू8 या एचएलएच्या खाचेत घट्ट बसतो. मग टी पेशी चेततात आणि आतड्याचं अस्तर झिजतं. हे एचएलए असूनही बहुतेकांना काहीच होत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवताना माझी दमछाक होते. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिनच्या बी साखळीतल्या 9 ते 23 क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या तुकड्यावर, रुमॅटॉइड संधिवातात आर्जिनीन या अमिनो आम्लाचं सिट्रुलीन झालेल्या प्रथिनांवर टी पेशी उठतात. एकच टी पेशी अनेक वेगवेगळे तुकडे ओळखू शकते, म्हणून नेमका गुन्हेगार शोधणं इतकं अवघड.

सिलिअ‍ॅकमध्ये गव्हाचा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धात पाव मिळेना तेव्हा त्यांच्याकडची आजारी मुलं सुधारली, पाव परतला तशी ती पुन्हा खालावली. रेणू, खाच हे सगळं फार पुढचं. आधी कुणीतरी मुलांच्या ताटात पाहिलं. हे वाचलं तेव्हा मला बाईच दिसल्या.

मागच्या वर्षी पुण्यात मी विभागप्रमुख झालो. बाई असत्या तर पेढ्याआधी विचारलं असतं, "शिकवतोस की नुसत्या सह्या करतोस?" उत्तर अर्धं-अर्धं आहे.

परवा शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेत आता संगणकाची खोली आहे, सूक्ष्मदर्शक कपाटात. भिंतीवरचा पडदा छान आहे, पण पडद्यावर पेशी पाहणं म्हणजे पेशी पाहणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या सभागृहाला देणगीदाराचं नाव देणार असं ऐकतो. जरूर द्या. प्रयोगशाळा मात्र परत उघडा आणि तिला बाईंचं नाव द्या. चार सूक्ष्मदर्शक मी देतो, दुरुस्तीचंही माझ्याकडे लागलं. समितीने फक्त कपाटाची किल्ली शोधावी.