वाघिणीला रस्ता मोकळा हवा

वाघाच्या पिल्लांचे छायाचित्र मिळणार की नाही, हे आपल्या लेन्सवर नव्हे, तर त्यांच्या आईच्या मर्जीवर अवलंबून असते. जन्मतः जेमतेम किलोभर वजनाची आणि डोळे मिटलेली ही पिल्ले पहिले साधारण दोन महिने बांबूच्या बेटात किंवा खडकाच्या कपारीत दडवलेली असतात, आणि जागेचा सुगावा कुणाला लागल्याची नुसती शंका आली तरी वाघीण त्यांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते. या वयातल्या पिल्लांच्या शोधात फिरणे मला सर्वस्वी गैर वाटते.

पुढे ती आईच्या मागून शिकारीपर्यंत चालू लागली की ताडोबासारख्या जंगलात रस्त्यावर दिसण्याची शक्यता निर्माण होते. मे महिन्यातल्या एका सकाळी चितळांचे कॉल, म्हणजे धोक्याचे इशारे, ऐकून आमच्या गाइडने सफारीची उघडी जिप्सी गाडी बरीच मागे थांबवून इंजिन बंद करायला लावले. काही वेळाने वाघीण गवतातून बाहेर आली, रस्त्याच्या कडेला थांबली, आमच्याकडे एकदा पाहून तिने मान फिरवली आणि कानांमागचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसले. मग तिने अगदी खालच्या आवाजात साद घातली. दोन पिल्ले धावतच रस्ता ओलांडून गेली; तिसरे मात्र वाळलेले सागाचे पान पंजाने दाबून धरून तिथेच बसले, आणि आई पलीकडे दिसेनाशी झाल्यावर एकदम भानावर येऊन पळाले. आमची गाडी आणखी पुढे असती, तर त्या पिल्लाच्या आणि त्याच्या आईच्या मधोमध आम्हीच उभे असतो.

अंतर राखले की तंत्राचा प्रश्न उभा राहतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५०० मिलिमीटरची लेन्स, ३० मीटर अंतर आणि एफ ५.६ हे अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशछिद्राचे माप) असेल, तर जेमतेम सव्वा मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे आईचे डोळे टिपले, तर मागे रेंगाळणारे पिल्लू हमखास पुसट होते. म्हणून पिल्ले एकापेक्षा जास्त असतील, तेव्हा मी एफ ८ किंवा ११ वर, म्हणजे लहान छिद्रावर, जातो, त्याने स्पष्ट पट्टा वाढतो, आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी शटर स्पीड फारसा कमी करत नाही, कारण पिल्लू क्षणभरही स्थिर नसते. लेन्स टेकवायला बीनबॅगचा (दाण्यांनी भरलेल्या पिशवीचा) आधार आणि सायलेंट शटर या दोन गोष्टी मला महागड्या लेन्सहून अधिक मोलाच्या वाटतात. कॅमेऱ्याचा खडखडाट ऐकून पिल्लू दचकते, आणि मग छायाचित्रात उतरते ती त्याची भीती.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगाव भागात ‘एफ-२’ या नावाने ओळखली जाणारी वाघीण आणि तिची पाच पिल्ले जिप्सींच्या गराड्यात सापडली होती. त्या प्रसंगाची चित्रफीत पाहताना मला छायाचित्रकार म्हणून अतिशय वेदना झाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, याचे समाधानही वाटले. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांमध्ये ५० मीटर अंतर ठेवावे, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच नमूद आहे. पिल्लांच्या बाबतीत मला हे २० मीटरही अपुरे वाटतात. गाडी थोडी पुढे घ्या, असा आग्रह बहुतेक वेळा कॅमेरा हातात असलेल्या माणसाचाच असतो; चालक आणि गाइड यांना त्याला नकार देणे सोपे जात नाही, म्हणून तो आग्रह आपणच धरू नये.

पिल्ले दीड-दोन वर्षांची होऊन आईपासून वेगळी होईपर्यंत त्यांच्यापैकी अनेक जगत नाहीत, आणि क्षेत्रात नवा नर आला तर तो आधीच्या नराची पिल्ले मारून टाकतो. आधीच इतक्या संकटांत वाढणाऱ्या कुटुंबामागे गाड्यांची रांग लागू नये, म्हणून मी लहान पिल्लांची छायाचित्रे काही महिने उलटल्यावरच प्रसिद्ध करतो, आणि त्यांसोबत रस्त्याचे किंवा पाणवठ्याचे नाव कधीही देत नाही.