रवाळ तूप : चौथी कढवण

मागच्या नोंदीत मी तुपाला ‘दाणेदार’ म्हटलं होतं. तो शब्द मागे घेते. आमच्या बेळगावच्या शहापुरात आई, मावश्या, सगळ्या रवाळच म्हणतात, आणि चौथ्या कढवणीनंतर मला तोच शब्द नेमका वाटतो.

रवा म्हणजे कण. सोनाराकडचाही रवाच आणि उप्पिटातलाही रवाच. रसाळ, मधाळ तसं रवाळ. गिरणीत ‘लाडवाला रवाळ दळा’ म्हटलं की पीठ बारीक नको आणि भरडही नको, हे बरोबर कळतं. पाकातली साखर परत जमली तर ती दाताखाली कचकचते; तिला कुणी रवाळ म्हणत नाही. कण जिभेला कळावा, पण टोचू नये.

आता तूप. म्हशीच्या दुधाची ८ दिवसांची साय, विरजण लावून घुसळली. लोणी तीनदा धुतलं, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवलं, बेरी बदामी झाली तशी आच बंद. इथवर तिसऱ्या वेळेसारखंच. तेव्हा मात्र बरणी कोमट असतानाच फ्रिजमध्ये ठेवली आणि तूप मेणासारखं गुळगुळीत थिजलं. तुपातला लवकर गोठणारा भाग सावकाश थिजला तर कण मोठे होतात. एकदम गार केलं तर इतके बारीक राहतात की जिभेला लागतच नाहीत. सध्या बेळगावात रात्री चांगलीच थंडी आहे, म्हणून या वेळी बरणी जाड टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. रात्रभर हात लावला नाही. सकाळी खाली पांढरट कण, वर सोनेरी पातळ तूप!

शेजारच्या अक्कांना वाटीभर दिलं. बोटाने चाखून म्हणाल्या, ‘मरळ मरळ आगेद.’ कन्नडमध्ये मरळु म्हणजे वाळू. मराठीत तुपाला वाळूसारखं म्हटलं तर ती तक्रार ठरेल. त्यांच्याकडे ते मनापासूनचं कौतुक आहे. मला तो शब्दही फार आवडला.

पुढे बेळगावची आटवलेल्या दुधाची मिठाई, कुंदा. त्याचाही जीव रवाळपणातच. दही दूध निम्मं आटल्यावर घालायचं की आणखी थांबायचं, इथे अडलंय. गेल्या वेळी लवकर घातलं, तर चोथा वेगळा आणि पाणी वेगळं झालं. तुम्ही कधी घालता?