कुळथाची पिठी, फ्रीझरमधली मटकी आणि बाजरीचा कडवटपणा: ऑक्टोबरची नोंद

घरच्या घरी झटपट मिश्रणं करून ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी या महिन्याची प्रगती लिहितो आहे. आमच्याकडे दोघंही डोंबिवलीहून लोकलने कामाला जातो आणि परतायला साडेआठ वाजतात. म्हणून अट पहिल्यापासून एकच ठेवली आहे. खांद्यावरची बॅग खाली ठेवल्यापासून वीस मिनिटांत पानं वाढलेली हवीत, आणि पानात डाळ नाहीतर कडधान्य हवंच. नुसत्या भात-लोणच्याने पोट भरतं, पण तासाभरात पुन्हा भूक लागते आणि मग फरसाणाच्या डब्याकडे हात जातो.

या महिन्यात बहुतेक वेळ कुळथावर गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत कुळथाची प्रथिनं 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम दिली आहेत. दोघांच्या पिठीला 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे माणशी साडेसहा ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळाली. त्याबरोबर माणशी 40 ग्रॅम मटकीची उसळ आणि 60 ग्रॅम तांदळाचा भात धरला तर एका जेवणाची बेरीज 19 ग्रॅमच्या आसपास जाते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम लागतात. त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गरज रात्रीच्या एका पानात भागते, तीही पिठी आणि उसळीसारख्या साध्या जेवणात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता पीठ कसं केलं ते. कुळीथ निवडून, ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवले. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, एका घाण्याला अर्धा किलोच. ढीग जास्त झाला की खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. सुरुवातीला ओलसर, मातकट वास येतो. हळूहळू तो जातो, एखाद-दुसरा दाणा तडतडतो आणि साल सैल होऊ लागते. दाणा दाताखाली धरला की कडकन तुटायला हवा. चिवट वाटला तर अजून वेळ आहे. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला नुसते भरडले, सुपात पाखडून टरफलं काढली आणि मगच बारीक दळले. गरम असताना दळलं तर वाफ पिठात अडकते आणि डब्याच्या झाकणाला पाणी सुटतं.

माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे की आपल्या या छंदाचा सगळा जीव भाजण्यात आहे. नीट भाजलेलं पीठ टिकतं, त्यातला ओलावा जातो, कच्चेपणा निघून गेलेला असतो आणि संध्याकाळी चुलीवरचा वेळ अर्ध्यावर येतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, डांगर, सातूचं पीठ यांत मुख्य काम भाजण्याचंच. रविवारी कढईपाशी तास-दीड तास उभं राहायची तयारी असेल तर आठवड्याची जेवणं तिथेच निम्मी झालेली असतात.

पिठीच्या मिश्रणाचं माप सध्या असं ठेवलं आहे: 300 ग्रॅम कुळथाचं पीठ, दोन मोठे चमचे जिरेपूड, एक चमचा हळद, दीड चमचा लाल तिखट, अर्धा चमचा हिंग आणि 12 ग्रॅम मीठ. मीठ वजन करूनच घालतो. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायचं तर माणशी एका वाढणीत 1.2 ग्रॅम पुरे, कारण लोणचं, पापड आणि चटणीतून उरलेलं येतंच. आमसुलं डब्यात न घालता वेगळी ठेवतो, नाहीतर पिठाला ओल लागते. लसणाचे पातळ काप उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवून छोट्या बरणीत भरले आहेत. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत काही जण वापरतात, ती कृपया टाळा. तेलाखाली हवा नसते आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढायला तशीच जागा लागते.

संध्याकाळी पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दोन चमचे तेलात मोहरी आणि लसूण टाकायचा. वाळवलेला लसूण झटकन लाल होतो, म्हणून तेल बेताचंच तापवायचं. वर पाणी आणि दोन आमसुलं, उकळी आली की कालवलेलं पीठ, आणि सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं. पिठी चमच्यावरून दाट धारेने पडायला लागली की झाली. तेवढ्या वेळात शेजारच्या शेगडीवर कुकरमध्ये भात होतो.

मटकीची प्रगतीही चांगली आहे. शनिवारी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधली की रविवारी दुपारपर्यंत अर्ध्या इंचाचे मोड येतात. आता थंडी सुरू झाली की जास्त वेळ लागेल. मोड आलेली मटकी चार मिनिटं वाफवायची आणि सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची. मग स्टीलच्या ताटलीत एकेरी थर देऊन ती फ्रीझरमध्ये ठेवायची. दाणे सुटे गोठले की डब्यात भरायचे. ओल्या दाण्यांचा एकच दगड होतो, म्हणून कोरडं करण्यात कुचराई नको. लागेल तेवढी मूठभर काढून न वितळवता थेट फोडणीत टाकता येते आणि दहा मिनिटांत उसळ होते. उतरवल्यावर वरून लिंबू पिळतो. मोड आणल्याने दाण्यातलं, लोहाला अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागायला मदत होते. चहाही लोहाला अडवतो, म्हणून जेवणाला लागूनच चहा घेणं आम्ही बंद केलं आहे.

भाजणीत या वेळी बाजरीवर लक्ष दिलं. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश बराच असतो. दळल्यावर लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) त्या स्निग्धांशावर काम करायला लागतं आणि पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं. भाकरीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणायची आपल्याकडे रीत आहे, ती त्यासाठीच. उष्णतेने हे विकर निकामी होतं. मी अर्धी बाजरी नुसती भाजली आणि अर्धी उकळत्या पाण्यात जेमतेम अर्धा मिनिट बुडवून, निथळून, गॅलरीतल्या ऑक्टोबरच्या उन्हात खडखडीत वाळवून मग भाजली. दोन्हींची भाजणी वेगवेगळ्या डब्यांत, तारखेची चिठ्ठी लावून ठेवली आहे. आजच्या घडीला दुसऱ्या डब्याचा वास जास्त ताजा येतो. थालीपीठ दोन्हींचं खमंगच लागतं. पाहू पुढे.

भाज्यांचं मात्र अजून जमायचं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. पिठांनी आणि कडधान्यांनी ती जागा भरत नाही. सध्या तीन गोष्टी चालू आहेत. पालक दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, वाटीवाटीचे गोळे गोठवले आहेत, ते डाळीत जातात. थालीपिठाच्या गोळ्यात पिठाइतकाच किसलेला कोबी किंवा दुधी घालतो, पाणी वेगळं घालावंच लागत नाही. आणि रोज एक कच्ची कोशिंबीर, जी सौ. भात होईपर्यंत चिरते. गोठवलेले मटार विकत आणतो, त्यात मला काही वावगं वाटत नाही. सीझनमध्ये सोलून लगेच गोठवलेला मटार चार दिवस बाजारात पडून राहिलेल्या शेंगेपेक्षा बराच बरा.

तयार पाकिटांबद्दलही थोडं. हवाबंद पाकिटातली डाळ किंवा भाजी साधारण 121 अंशांवर दाबाखाली निर्जंतुक केलेली असते, म्हणून ती बाहेर टिकते. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी अशा जेवणांवर बरंच काम केलं आहे. प्रवासाला एखादं पाकीट बॅगेत असावं. फक्त मागचा तक्ता वाचायचा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. 1000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, दिवसाच्या मर्यादेचं निम्मं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा नाचणीचं म्हणून घेतलेल्या पाकिटावर मैदा पहिला दिसला तर ते मैद्याचंच आहे.

शिल्लक भाताचं सगळ्यांनी सांभाळा. भात शिजला तरी बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू तग धरून राहतात आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की वाढतात. परातीत पसरून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये टाकायचा. फोडणीचा भात त्याचाच होतो.

पुढच्या महिन्यात कडवे वाल घेणार आहे. मोड आणून, सोलून डाळिंब्या (सोललेले वाल) गोठवायचा विचार आहे, कारण बिरड्याचा सगळा वेळ सोलण्यात जातो. वाफवून गोठवल्या तर त्या फुटतील का, याची थोडी धाकधूक आहे. कोणी केलं असेल तर किती मिनिटं वाफ दिली ते कळवा. जुन्नर-नगरकडच्या मंडळींना आणखी एक विनंती. हुलग्याचे (म्हणजे कुळथाचेच) शेंगोळे वळून, वाफवून, गोठवून ठेवता येतात का? पाण्यात सोडल्यावर विरघळत नसतील तर आमच्या वीस मिनिटांत अगदी सहज बसतील.