‘व्होट डाउन’ कोण करतं?

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. ‘व्होट डाउन’ आलं की वहीत अर्थ उतरतो ‘विरोधात मत देणं’, आणि पाठोपाठ वाक्य येतं: ‘आय व्होटेड डाउन द प्रपोजल.’ इथे मी पुढे जाऊ देत नाही. विरोधात मत एकटा माणूस देतो. त्यासाठी ‘व्होट अगेन्स्ट’ आहे. ‘व्होट डाउन’ करतं ते सभागृह किंवा समिती, तेही मतं मोजून ठराव पडला तरच.

१५ जानेवारी २०१९ ला ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, तिथल्या कनिष्ठ सभागृहाने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. ते ४३२ खासदार ‘व्होटेड अगेन्स्ट द डील’. पण ‘द हाउस व्होटेड डाउन द डील’ म्हटलं की त्या ‘हाउस’मध्ये बाजूने मत देणारे २०२ जणही येतात. हरलेल्यांनीही तो निकाल आपल्या सभागृहाचा म्हणून मानायचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून या क्रियापदाला मी जास्त वेळ देते.

रचना सोपी आहे. ‘व्होट डाउन द प्लॅन’ आणि ‘व्होट द प्लॅन डाउन’, दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मधेच: ‘व्होट इट डाउन’. नोकरी किंवा आमंत्रण एकट्याने नाकारायचं तर ‘टर्न डाउन’. माणसाला मतांनी पदावरून घालवलं, तर ‘व्होट आउट’.

खरा वाद होतो तो राज्यसभेच्या उदाहरणावर. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक तिथे आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं; २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. एका मताच्याही अंशाने विधेयक पडलं. (तनखे पुढच्याच वर्षी, २६व्या घटनादुरुस्तीने गेले.)

याला ‘व्होटेड डाउन’ म्हणायचं का? एका विद्यार्थिनीचं म्हणणं, मतदानानेच पडलं ना, मग झालं. व्याकरणाने ती चुकत नाही, मी ते वाक्य खोडतही नाही. तरी मी स्वतः ‘द बिल फेल्ड टू पास’ लिहीन. ‘व्होटेड डाउन’ वाचणाऱ्याला वाटेल की विरोधक जास्त होते, आणि त्या दिवशी बाजूने उभे राहिलेले जवळजवळ दुप्पट होते.