सारंगखेड्याच्या यात्रेत पाळण्याच्या पायथ्याशी

दोंडाईचाहून शहाद्याच्या रस्त्याला लागलं, तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते. गर्दी घोडेबाजाराकडे वळते. मी मात्र पाळण्यांकडे वळलो.

प्रत्येक अपघातानंतर ‘पाळणे बंद करा’ची ओरड होते. २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियात झुलणारा पाळणा तुटून दोघांचा जीव गेला, २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात माणसांसकट टॉवर राइड पन्नासेक फुटांवरून आदळली. चर्चा उंचीची आणि वेगाची होते. पण जत्रेतला पाळणा गावोगावी उकलतात, पुन्हा जोडतात. खरा धोका त्या जोडणीत असतो.

तापीकाठची काळी जमीन कपाशीला सोन्यासारखी, पाळण्याला मात्र वाईट. ओल लागली की फुगते, सुकली की भेगाळते. म्हणून पायांखाली विटांचे तुकडे चालत नाहीत. जाड लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून भार पसरवायचा, मग लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, सगळे पाय एका पातळीत आणायचे. धुळीसाठी टँकरने मारलेलं पाणी पायथ्याशी मुरतं, तेव्हा लेव्हल रोज सकाळी बघायलाच हवी. एक पाय बोटभर खचला तरी शाफ्ट, म्हणजे पाळणा ज्यावर फिरतो तो दांडा, कलतो, एकाच बेअरिंगवर भार येतो आणि वेल्डिंगच्या सांध्यांना चिरा पडू लागतात.

पाळण्याचे सुटे भाग एकमेकांना जोडणाऱ्या पिनेकडेही नीट बघा. तिच्या टोकाच्या भोकात आर क्लिप, म्हणजे पिन सरकू न देणारी इंग्रजी R च्या आकाराची तारेची क्लिप हवी. ती हरवली की काही जण बांधकामाची तार पिळतात. हादऱ्यांनी तार झिजून तुटते आणि पिन हळूहळू बाहेर सरकते.

आतला गंज तर डोळ्यांना दिसतही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या जत्रेत फायर बॉल राइडचा दांडा मोडून एक तरुण गेला. त्याच दिवशी तपासणी झाली होती, पण दांडा आतून गंजून पातळ झाला होता. त्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजावी लागते. ताज्या रंगावर भरवसा ठेवू नये.

पोरं ओरडली की चालक वेग वाढवतो. सहा मीटर त्रिज्येचा ‘ब्रेक डान्स’ हा गोल फिरणारा पाळणा मिनिटाला दहा फेरे घेतो तेव्हा बाहेर फेकणारा जोर वजनाच्या दोन तृतीयांश असतो. वीस फेऱ्यांना तो चौपट, म्हणजे वजनाच्या अडीचपटीहून जास्त होतो. वेगाची मर्यादा मोटरवरच बांधून टाकली पाहिजे, ती चालकाच्या मर्जीवर सोडू नये.

बंदी मला पटत नाही, कित्येक घरांच्या चुली यावर पेटतात. मात्र पहिल्या दिवशीच्या तपासणीच्या दाखल्यावर अख्खी यात्रा काढणंही पटत नाही. रोज सकाळी रिकामी फेरी आणि पिना तपासल्याची सही केलेली नोंद प्रत्येक पाळण्यापाशी टांगलेली हवी.

जाल तर अंधार पडायच्या आत जा, रोषणाईत पाय आणि पिना दिसत नाहीत. बैठकीसमोरचा आडवा दांडा मोठ्यांच्या पोटाला अडतो, शेजारचं मूल खालून मोकळंच राहतं, त्याला वेगळा पट्टा मागा. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये मोठ्याने बाहेरच्या कडेला बसायचं आणि मुलाला आतल्या बाजूला घ्यायचं. उलटं बसलात तर तुमचा सगळा भार मुलावर येतो.